जिभाऊंची पंगत

चार माणसे एका ओळीत बसलेली दिसली की जिभाऊंचा डावा हात आपोआप मुडपायचा, जणू त्यात वरणाची बादली आहे. उजवा हात अदृश्य पळीवर जायचा, कंबर थोडी वाकायची, आणि ते ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकून म्हणायचे, "पंगत बठनी! आते वाढाले कोन शे?"

मी हे पहिल्यांदा पाहिले ते आमच्या नंदुरबारच्या कर्करोग रुग्णालयाच्या व्हरांड्यात. बाकावर सात-आठ रुग्ण सलाइनची वाट पाहत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर जेवणाची कळा नव्हती. तरीही जिभाऊंनी विचारल्याबरोबर दोघेजण सवयीने मांडी घालायला लागले.

मुलांनो, तुम्ही इतक्या लांब वाढलात की आधी दोन गोष्टी सांगणे भाग आहे. जिभाऊ हे त्यांचे नाव नव्हे. खानदेशात मोठ्या भावासारख्या माणसाला मानाने जिभाऊ म्हणतात. खरे नाव कागदावर होते आणि ते तिथेच राहिलेले बरे. दुसरी गोष्ट म्हणजे मी त्या रुग्णालयात काय करत होते. रुग्णांवर संशोधन करायचे तर ते योग्य रीतीने चालले आहे का, हे पाहायला एक समिती लागते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतो आणि एक सामान्य माणूस असतो. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर माझी नेमणूक सामान्य माणूस म्हणून झाली. तुमच्या आजोबांनी हे गल्लीत सगळ्यांना सांगितले. त्यांना तेवढे सांगताना फार आनंद व्हायचा.

जिभाऊ कोरीटचे. बागायती शेती, मिरची, थोडा ऊस. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वाढपी म्हणून होती. लग्न कोणाचेही असो, वरण-बट्टीची पंगत बसली की बादली जिभाऊंच्या हातात. पहिल्या पानावर जेवढे तूप, तेवढेच शेवटच्या पानावर. आमदार असो की बँडवाला. "पंगतमां दुजाभाव नही," हे ते एवढ्या वेळा म्हणत की त्यांच्या नातवंडांना ते वाक्य बोलायला शिकतानाच येत असे.

त्यांचा दुसरा नियम असा की शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी उठायचे नाही. एका लग्नात एक बिनदाताचे आजोबा बट्टी वरणात भिजवून भिजवून खात होते. बाकीची पंगत हात वाळवत बसली. नवरा-नवरी ताटकळले, बँडवाल्यांनी आहे तीच गाणी पुन्हा वाजवली, पण जिभाऊंनी एकालाही हलू दिले नाही. आजोबांनी शेवटी ढेकर दिली तेव्हा मांडवात टाळ्या झाल्या म्हणे.

पुढे ओळख वाढल्यावर आमच्या घरी एकदा ते चहाला आले. मी ट्रेमध्ये कप नीट ओळीने मांडून आणले होते. जिभाऊंनी कपांकडे पाहिले, एक कप उचलून दुसऱ्यात थोडा ओतला, दुसऱ्यातला तिसऱ्यात, तिसऱ्यातला परत पहिल्यात. माझा बिनसाखरेचा चहा कुठे गेला ते कळलेच नाही. "आते बठा," ते समाधानाने म्हणाले. "समदासले सारखं."

अशा माणसाला मोठ्या आतड्याची गाठ निघाली. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधे नंदुरबारला सुरू झाली. आणि नेमके त्याच सुमारास आमचे रुग्णालय संशोधनाच्या एका जाळ्यात सामील झाले.

हे जाळे म्हणजे काय, ते सांगते. एक गोळी होती. गाठ काढून झाल्यावर आजार पुन्हा उलटू नये म्हणून ती उपयोगी पडेल, असे डॉक्टरांना वाटत होते. पण नुसते वाटून भागत नाही. ते पडताळायला पुष्कळ माणसे लागतात, आणि तेवढी एका रुग्णालयात येत नाहीत. शिवाय फक्त मुंबईची माणसे पाहून कोरीटच्या माणसाबद्दल काय सांगणार? म्हणून मुंबईचे मोठे रुग्णालय मध्यभागी आणि भोवती लहान-मोठ्या गावांतली अनेक रुग्णालये, अशी मांडणी असते. सगळीकडे नियम एकच, तपासण्या त्याच, गोळ्यांच्या बाटल्या सारख्याच. आमचे रुग्णालय त्यात सगळ्यात धाकटे. आम्ही नवीन सुनेसारखे जपून वागत होतो.

प्रत्येक रुग्णाला नेहमीचे उपचार मिळणारच होते. त्यावर रोज एक गोळी. ती निम्म्या लोकांना खरी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे रुग्णाला माहीत नसते आणि डॉक्टरलाही नसते. मी हे सगळे सोप्या मराठीत लिहून काढले होते आणि रुग्णांच्या बैठकीत वाचून दाखवले. जिभाऊंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हंजे अर्धा लोकसले बट्टी, नि अर्धासले रिकामं पान?"

"रिकामे नाही, जिभाऊ. नेहमीचे जेवण सगळ्यांना आहेच. ही वरची गोळी तेवढी."

"तूप तं मंग अर्धासलेच! नि हाई ठरावस कोन?"

"मुंबईचा संगणक."

"त्याले काही नातंगोतं?"

"यंत्र आहे ते. त्याला नाते नाही, ओळख नाही. म्हणूनच तर त्याच्याकडे काम दिले."

जिभाऊ गंभीर झाले. "कोना घरना तो जेवेल नही, म्हनीसन असा वागस. त्याले सांगा बाई, एकदा कोरीटले जेवाले ये. मन्हं आवतन शे."

मी ते टिपून घेतले नाही. पण त्यांनी ते दरवेळी विचारले. संगणकाला निरोप पोचला का? काय म्हणाला?

जिभाऊंनी स्वतः संमतीपत्रावर सही केली आणि बरोबर मास्टरलाही आणले. मास्टर म्हणजे नंदुरबारच्या बाजारपेठेतले शिंपी. जिभाऊंचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. दोघांना आजार एकच, डॉक्टर एकच, आणि तपासणीचा दिवसही जिभाऊंनी भांडून एकच करून घेतला होता. मास्टर सडपातळ, शांत, डोळ्यांनी माणसाचे माप घेणारे. जिभाऊ बोलत आणि मास्टर शेवटी एक वाक्य बोलून त्याला टाचणी लावत.

मुंबईहून अधूनमधून एक पाहणी करणारी मुलगी यायची. कामाला चोख, केस घट्ट बांधलेले, हातात लॅपटॉप. सगळे नियमाप्रमाणे चालले आहे ना, हे ती दोन दिवस बसून पाहायची. जिभाऊंच्या दृष्टीने ती वरपक्षाकडची पाहुणी होती. पहिल्याच भेटीत ते नारळ, खण आणि वरण-बट्टीचा भरलेला डबा घेऊन फाटकात उभे राहिले. तिने हात जोडले आणि सांगितले की रुग्णांकडून काहीही घेता येत नाही, नियम आहे.

"बेटा, आठे उनेल पाव्हना उपाशी जास नही. हाऊ आमना नियम."

ती बिचारी आत जाऊन कागदांच्या कपाटामागे आपला बिस्किटाचा पुडा खात बसली. जिभाऊ खिडकीतून ते पाहत होते. "देखा," ते मास्टरला म्हणाले, "सोयरा बिस्किट खाई ऱ्हायना."

"वो भी गिन के," मास्टर म्हणाले.

इथपर्यंत सगळे गमतीत चालले होते. मग मास्टर वाळायला लागले.

गालफडे बसली, सदरा अंगावर लोंबायला लागला. त्यांनी तो स्वतःच आत घेतला आणि पंधरवड्याने पुन्हा आत घेतला. इकडे जिभाऊ मात्र गोल होत चालले. मास्टरने त्यांच्या बंडीच्या शिवणी उसवून कापड वाढवून दिले. त्या दिवशी दुकानात जिभाऊ एक शब्द बोलले नाहीत, असे मास्टरने मला नंतर सांगितले. जिभाऊ गप्प, ही बातमीच होती. पण तिचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही.

पुढच्या तपासणीचा दिवस. त्या दिवशी सगळे आपापल्या बाटल्या घेऊन येतात, उरलेल्या गोळ्या परत देतात आणि नवी बाटली घेतात. नव्या बाटल्या वाटून झाल्या होत्या. आमच्या संशोधन विभागाची सिस्टर चहा घ्यायला गेली. रुग्ण आवारातल्या निंबाखाली बाकावर ओळीने बसले होते. मी समितीच्या बैठकीसाठी रिक्षातून उतरत होते.

जिभाऊ ओळीसमोर उभे होते. खांद्यावरचे उपरणे त्यांनी पारावर अंथरले होते आणि त्यावर पांढऱ्या गोळ्यांचा ढीग होता. सगळ्यांच्या नव्या बाटल्या त्यात रित्या झाल्या होत्या. जिभाऊ दोन्ही हातांनी तो ढीग वरखाली करत होते, चिवडा कालवतात तसा. मग त्यांनी बाटल्या ओळीने मांडल्या आणि एकेक गोळी वाढायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापासून.

"घाई करू नका. समदासले सारखं भेटी. थोडी खरी, थोडी खाली. दुजाभाव नही!"

आणि रुग्ण? रुग्ण बाटल्या पुढे करून निमूट बसले होते. पंगतीत वाढप्याला कोण प्रश्न विचारतो?

सिस्टर चहाचा कप घेऊन आली. तिची किंकाळी बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असावी. कप कुठे पडला ते आम्हाला नंतर पायात काच रुतल्यावर कळले.

एकही गोळी कोणाच्या पोटात गेली नव्हती, हे नशीब. सगळ्या गोळ्या सीलबंद करून परत गेल्या आणि नव्या बाटल्या मागवल्या. पण डॉक्टरांना हा प्रकार त्याच दिवशी मुंबईला कळवावा लागला, आणि मुंबईहून उत्तर आले की तूर्त नंदुरबारला नवीन रुग्ण घेऊ नका. पाहणीनंतर हे केंद्र जाळ्यात ठेवायचे की नाही ते ठरेल.

ठेवले नाही तर काय, ते बाकावरच्या प्रत्येकाला कळत होते. मग तपासणीसाठी मुंबई. रात्रीची गाडी, सोबतीला घरचे कोणी, तिथे मुक्काम. धडगावच्या डोंगरातून येणाऱ्या बाईला नंदुरबारच परदेश. ती मुंबईला गेलीच नसती. असे बरेच होते.

समितीने जिभाऊंना बोलावले. ते आले, बरोबर त्यांची पत्नी आली. तिला सगळे माय म्हणत. मास्टरही आले, न बोलावता. मी जय्यत तयारी केली होती. फळ्यावर दोन रंगांत तक्ता काढला, बाण काढले, डावा गट, उजवा गट. दोन्ही गट वेगळे राहिले तरच शेवटी तुलना होते, हे मी एकदा सांगितले, पुन्हा सांगितले. जिभाऊ फळ्याकडे आदराने पाहत होते. त्यांना काहीही कळत नव्हते.

मायला मात्र राहवले नाही. "बाई, कसाले घसा सुकाडतस? यास्नी मागला साले हाईच कयं. नवं बी नि जुनं बी, दोन येगयेगळा वावरमां लायेल व्हतं. मिरची तोडी नि दोन्ही एकच पथारीवर वती दिधी. का तं म्हने, एक ढीग ल्हाना दिखस! आते कोनतं बी चांगलं, देवले ठाऊक. तठेबी यास्नी पंगत, आठेबी यास्नी पंगत!"

समितीचे वकीलसाहेब तोंडावर रुमाल धरून खोकायला लागले. जिभाऊंनी मात्र मान वर केली. फळ्यावरून त्यांची नजर मायकडे गेली आणि परत फळ्यावर आली. डावा गट, उजवा गट. मिरची आता दिसली.

"तसं शे का हाई?" ते म्हणाले.

"तसेच आहे, जिभाऊ."

त्यांनी मास्टरकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "मास्टर वायी गया ना, बाई. नि मी हाऊ असा. माले वाटनं, मन्ही खरी व्हई नि त्यानी खाली. मी खाऊ नि तो देखत बठे, हाई काही पंगत नही."

 मास्टर खिडकीपाशी उभे होते. त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"और तुम्हारी खाली होगी तो? अं? मेरी खरी निकाल के तुम्हारी खाली डाल रहे थे तुम मेरी बाटली में! पूछा मेरे को?"

जिभाऊंचा डावा हात इतका वेळ मुडपलेला होता. तो सरळ झाला आणि मांडीवर पडला.

"हाई तं मन्हा ध्यानमांच उनं नही," ते म्हणाले.

तेवढ्यात सिस्टरने घसा साफ करून सांगितले की मास्टरच्या वाळण्याची चौकशी झाली आहे. त्यांनी नवी कवळी बसवली होती. ती टोचत होती, म्हणून ते तिन्ही वेळा पातळ खिचडीवर होते आणि सुनेला वाईट वाटेल म्हणून कवळीबद्दल बोलत नव्हते, कारण कवळी सुनेने घेऊन दिली होती. आणि जिभाऊ गोल झाले होते, कारण तो लग्नसराईचा मोसम होता.

माय म्हणाली, "गोयी काय करी यास्नाम्होरे!"

आठवड्याने मुंबईची मुलगी पाहणीला आली. तिने सगळ्यांशी स्वतंत्र बोलून घेतले. शेवटी जिभाऊ स्वतःहून तिच्यासमोर उभे राहिले. टोपी हातात होती.

"बेटा, चूक मन्ही. माले पंगतमाईन उठाडी द्या. पन बाकीनासले बठू द्या. पंगत मोडू नका."

तुम्हाला याचे वजन कळावे म्हणून सांगते. पंगतीतून उठवणे यापेक्षा मोठा अपमान आमच्या भागात नाही, आणि हा माणूस आयुष्यभर कोणालाही उठू न देणारा. मी त्या मुलीकडे पाहत होते. तिने लॅपटॉप मिटला.

"काका, आमच्याकडे कोणाला उठवता येत नाही," ती म्हणाली. "इथे एकदा बसलेला माणूस शेवटपर्यंत हिशेबात राहतो. चुकला तरी."

जिभाऊंनी हे दोनदा म्हणवून घेतले. मग मास्टरकडे वळून म्हणाले, "घर चांगलं शे. आपला सारखंच शे."

केंद्र राहिले. काही महिने देखरेखीखाली, सगळ्यांना पुन्हा प्रशिक्षण, पण राहिले. आणि जिभाऊंनी आपला सगळा उत्साह उलट्या दिशेला फिरवला. तपासणीच्या दिवशी ते ओळीसमोर गस्त घालायचे. कोणी शेजाऱ्याच्या बाटलीकडे नुसते पाहिले तरी गर्जना व्हायची, "आपलं पान, आपला हात! दुसराना पानमां देखू नका!" एकदा डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, तर त्यांनाही बजावले. सिस्टर म्हणायची, आधीचा ताप बरा होता.

विसरवाडीला हायवेवर ढाबा चालवणारा एक रुग्ण धंद्याच्या गर्दीत येईनासा झाला. असे रुग्ण मध्येच गळले की सगळ्या जाळ्याचे नुकसान होते. सिस्टरने फोन केले, तो हो हो म्हणायचा आणि यायचा नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला सासरी गेलेल्या मुलीला माहेरी आणायला मुराळी जातो, ठाऊक आहे ना? जिभाऊ स्वच्छ धोतर नेसून, पिशवीत सांजोऱ्या घेऊन, एसटीने विसरवाडीला गेले आणि ढाब्याच्या दारात उभे राहून ओरडले, "पोरी, चाल माहेरले!" गिऱ्हाइकांसमोर. मिशीवाला धिप्पाड माणूस लाजेने लाल होऊन, पहिला मिळाला तो ट्रक पकडून, जिभाऊंसकट नंदुरबारला हजर झाला. नंतर त्याने एकही तारीख चुकवली नाही. मुराळी परत येईल, या धाकाने.

जिभाऊंचा आजार उलटला नाही. ज्याच्यासाठी आम्ही सगळे एवढे सावध होतो तो कुठेच दिसला नाही, आणि एका हिवाळ्यात, मिरची पथारीवर पसरून झाल्यावर, त्यांच्या हृदयाने कोणाला न विचारता काम थांबवले. बाजूला पथारीवर दोन ढीग होते, वेगवेगळे, मध्ये दोरी बांधून.

तेराव्याला कोरीटला गंधमुक्तीची पंगत होती. मीही गेले. बाकावरचे सगळे आले होते. धडगावची बाई, विसरवाडीचा ढाबेवाला, डॉक्टर, सिस्टर. मुंबईची मुलगी त्या आठवड्यात पाहणीला आली होती, तीही आली. पानावर बसताना मला म्हणाली, "आज मी सुट्टी टाकली आहे." अभ्यास अजून चालूच आहे, त्यामुळे त्या ओळीत खरी गोळी कोणाची आणि खाली कोणाची, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. जिभाऊंची कोणती होती, तेही नाही.

मायने पाने मांडणाऱ्या नातीला हाक मारली. "आखो एक पान मांड. त्या मुंबईवालासाठे. यास्नं आवतन व्हतं ना त्याले."

नातीने माझ्या शेजारी संगणकाचे पान मांडले.

बादली मास्टरच्या हातात होती. कवळी आता नीट बसली होती, अंगावर थोडे मांसही आले होते. ते त्या टोकाकडून वाढत आले, प्रत्येक पानावर सारखे. रिकाम्या जागेपाशी थांबले. बट्टी चुरली, मध्ये आळे केले, वरण घातले, वर तूप. माझ्या पानावर जेवढे, तेवढेच. मग पुढे गेले.

आम्ही जेवलो. मुंबईच्या मुलीने दोनदा बट्टी मागून घेतली. ढाबेवाल्याने ढेकर दिली. पाने रिकामी झाली, ताक पिऊन झाले, तरी कोणी उठेना. मी ओळीत दोन्हीकडे पाहिले. सगळे हात वाळवत, माना खाली घालून बसले होते, डॉक्टरसुद्धा. माझ्या शेजारच्या पानावरचे तूप हळूहळू थिजत होते. शेवटच्या माणसाचे जेवण अजून व्हायचे होते.